नळासोबत एक चित्र

दाजी गेले तेव्हा सेवा मंडळाच्या अध्यक्षांनी वर्तमानपत्रात श्रद्धांजली छापून आणली. 'यशस्वी उद्योजक, थोर समाजसेवक, निष्णात दर्यावर्दी आणि सिद्धहस्त चित्रकार.' मी दाजींचा मेहुणा, शिवाय त्यांच्या दुकानाचा व्यवस्थापक, त्यामुळे यातली पहिली दोन विशेषणं खरी होती एवढं मी छातीठोकपणे सांगू शकतो. उरलेल्या दोन गोष्टींचं त्यांना वेड होतं. एखाद्या गोष्टीचं वेड असणं वेगळं आणि ती येणं वेगळं. पण माणूस गेला रे गेला की त्याला सगळंच येत होतं असं ठरवून टाकायची आपल्याकडे पद्धत आहे, आणि अध्यक्ष पद्धतशीर माणूस.

आमचं दुकान न्हाणीघराच्या सामानाचं. नळ, बेसिन, कमोड, फवारे, फरश्या. गावातल्या निम्म्या लोकांची सकाळ आपल्या मालावर सुरू होते असं दाजी अभिमानाने सांगायचे, आणि निदान जेवताना तरी हा विषय नको म्हणून ताई त्यांना दटावायची. धंद्यात माणूस पक्का होता. गळका नळ त्यांनी कधी विकला नाही आणि उधारीवाल्याला कधी दुसऱ्यांदा उभं केलं नाही.

समाजसेवेतही त्यांनी स्वतःचं डोकं चालवलं. मंडळातले बाकीचे लोक ब्लँकेटं वाटायचे, वह्या वाटायचे, फळं वाटायचे, कारण या गोष्टी देताना फोटो चांगला येतो. संडास कोणी देत नव्हतं. संडासाचं उद्घाटन करायचं म्हटलं तर फीत कापायची कुठे आणि हसरा चेहरा करून उभं राहायचं कुठे, हा अध्यक्षांपुढचा खरा पेच होता. दाजींना तो पेच पडलाच नाही. मुलींच्या शाळेत त्यांनी स्वच्छतागृह बांधून दिलं, मग सरकारी दवाखान्यात, वाचनालयात, वृद्धाश्रमात. बांधून विसरले असंही नाही. दर रविवारी खिशात पाना घालून ते सगळीकडे फेरी मारायचे, नळ उघडून बघायचे, कुठे थेंब गळत असला तर बाह्या सरसावून तिथेच वायसर बदलायचे. मी त्यांची इतकी थट्टा केली आहे, पण त्या पान्याची कधी केली नाही.

एवढ्यावर थांबले असते तर सगळं सुरळीत होतं. पण ज्या संस्थेला नळ, त्या संस्थेला चित्र, असा दाजींचा नियम होता.

चित्रांचं मूळ होडीत होतं. दाजींनी पन्नाशीत शिडाची एक छोटी होडी घेतली, पांढरी टोपी घेतली, आणि गाव त्यांना कप्तान म्हणायला लागलं. रविवारी सकाळी ते धक्क्यावरून निघायचे. वारा नेईल तिकडे जायचे आणि परत आल्यावर तिकडेच जायचं होतं असं सांगायचे. परत येणं म्हणजे पुष्कळदा कोणा तरी मच्छीमाराने दोरीला बांधून ओढत आणणं. एकदा त्यांनी मंडळाच्या कार्यकारिणीला सागरी सहलीला नेलं, तर होडी धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर कलंडली. पाणी कमरेएवढं होतं, पण अध्यक्षांच्या खिशात त्या संध्याकाळचं भाषण होतं. तेव्हापासून रविवार आला की कार्यकारिणीची पाठ एकजात दुखायची. ताईने तर धक्क्यावरूनच हात जोडले होते. मला बोट लागते, म्हणाली, तुम्ही जाऊन या.

मग दाजी एकटेच जायचे आणि होडीत मांडीवर फळी ठेवून चित्रं काढायचे. एक होडी, एक समुद्र, दोन ढग. आणि होडी वाऱ्याने कललेली असल्यामुळे त्यांच्या प्रत्येक चित्रात समुद्रच उजवीकडे उतरता. बघणाऱ्याला वाटावं, आता पाणी चौकटीतून सांडणार आणि खालचं टेबल भिजणार. चित्र पुरं झालं की पहिल्यांदा ताईला दाखवायचे. ताई पदराला हात पुसत यायची, बघायची आणि म्हणायची, छान आलंय. दाजी जरा वेळ तिथेच घुटमळायचे. मग चित्र कागदात गुंडाळून कोणत्या तरी संस्थेला देऊन यायचे.

नळ हवा असेल तर चित्राला नाही कसं म्हणणार? संस्थांनी ती घेतली. पहिले काही रविवार ती भिंतीवर राहिली, मग हळूहळू उतरली. रविवारी मात्र दाजी फेरीला यायचे आणि चित्र नसेल तर त्यांचा चेहरा पडायचा, म्हणून फोनाफोनी सुरू झाली. धक्क्यावरचा चहावाला वाचनालयाला कळवायचा की कप्तान निघाले. वाचनालयात चित्र शोधून, झटकून, खिळ्याला अडकवलं जायचं. पुढे काही संस्थांना आपापली चित्रं सापडेनात. तेव्हा अध्यक्षांनी नियोजन केलं. त्यांच्या मते सगळी चित्रं एका आईची लेकरं, तेव्हा एकच सगळ्यांना पुरेल. वाचनालयातली पाहणी संपून दाजी बाहेर पडले की तिथला शिपाई तेच चित्र उतरवून, स्कूटरला बांधून, मागच्या गल्लीने शाळेत पोचवायचा. शाळेतून दवाखान्यात, दवाखान्यातून पुढे. दाजी प्रत्येक ठिकाणी भिंतीपुढे उभे राहून, हात पाठीमागे बांधून, आपली कला न्याहाळायचे. सगळ्या गावाला हे माहीत होतं, एक दाजी सोडून आणि एक ताई सोडून.

गेले ते त्याच सरकारी दवाखान्यात. शेवटच्या सकाळी नर्स सलाइन बदलायला आली तर त्यांनी तिला जवळ बोलावून कोपऱ्यातलं बेसिन गळतंय म्हणून सांगितलं. वायसर गेलाय, मेहुण्याला सांगा. नंतर मी जाऊन तो बदलला. बदलताना मला हमसून रडू आलं, हेही इथेच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सांगायला मी मोकळा.

दिवसकार्य उरकल्यावर ताईने मला बोलावलं. तिला मंडळाची शोकसभा नको होती, दाजींच्या चित्रांचं प्रदर्शन हवं होतं. "सगळी छान म्हणून दिली वाटून," ती म्हणाली. "आता घरात ह्यांच्या हातचं एकही नाही रे. सगळी एकदा एकत्र बघते. जे कोणी सगळ्यात आवडीने ठेवलं असेल ते त्यांच्याकडून मागून घेईन आणि ह्यांच्या खुर्चीसमोर लावीन. एवढंच हवंय मला."

रविवारी नवरा आधी समुद्रावर आणि मग गावाच्या संडासात. इतकी वर्षं ताईने रविवार एकटीने काढले होते. ते रविवार कुठे तरी सत्कारणी लागले होते हे तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. मी हो म्हणालो आणि निघालो.

वाचनालयात एक चित्र सापडलं. फुटक्या खिडकीतून पुस्तकांवर पाणी येत होतं तिथे ते ठोकलं होतं, आणि अडवत होतं, हे कबूल केलं पाहिजे. शाळेत चित्राच्या मागच्या कोऱ्या बाजूवर खेळांचे निकाल लिहिले जात होते. समुद्र भिंतीकडे तोंड करून उभा होता. दवाखान्यात गच्चीवरच्या टाकीचं झाकण हरवलेलं, तिथे दोन चित्रं पालथी घातलेली. बालवाडीच्या बाई म्हणाल्या की त्यांच्याकडचं आत्ता आत्तापर्यंत होतं, आणि हे त्यांनी अशा सुरात सांगितलं की जणू ते आपल्या पायांनी निघून गेलं. स्कूटरवरचं चित्र अर्थातच मिळालं. दोरीने त्याच्या कडा खाल्ल्या होत्या. वृद्धाश्रमात एक होतं, पण ते एका खोलीत होतं आणि त्या खोलीत मोठ्या बाई होत्या. या मोठ्या बाई म्हणजे मुलींच्या शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका. माझी बायको त्यांच्या हाताखाली शिकली आणि अजून त्यांचं नाव निघालं की सरळ बसते. मी दारात उभा राहून कारण सांगितलं. चित्र मिळणार नाही, जाताना दार लावून घ्या, म्हणाल्या.

सगळी मिळून जी हाती लागली ती एका रिक्षात मावली. ताई सभागृहाच्या चारही भिंती भरतील असं धरून चालली होती.

अध्यक्षांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी क्षणभर डोळे मिटले आणि उघडले तेव्हा नियोजन तयार होतं. बाजारात पाट्या रंगवणारा एक पेंटर आहे. एक होडी, एक समुद्र, दोन ढग, यात अवघड काय? वहिनींच्या समाधानाचा प्रश्न आहे, म्हणाले, आणि वर हळूच जोडलं की मंडळाच्या अब्रूचाही आहे. मी मान डोलावली. ताईचा चेहरा डोळ्यांसमोर होता आणि दुसरं काही सुचत नव्हतं.

पेंटरने मन लावून काम केलं, तिथेच घात झाला. वाईट चित्राची नक्कल करायची म्हणजे हात वाईट चालवावा लागतो, आणि त्याचा हात काही केल्या वाईट चालेना. उभा जन्म दुकानांच्या पाट्या रंगवलेल्या. आधी खडू लावलेली दोरी मारून रेघ आखल्याशिवाय तो ब्रशला हात लावत नसे. त्याच्या होड्या आताच तेल लावल्यासारख्या, शिडं इस्त्री केलेली, आणि सवयीने त्याने लाटांना दुकानाच्या अक्षरांसारखी सावलीसुद्धा दिली. दाजींसारखं काढ रे बाबा, जरा बिघडव, असं मी त्याला विनवत होतो. तो दुखावला. आमच्या धंद्यात बिघडवायचे पैसे घेत नाहीत, म्हणाला.

प्रदर्शन संध्याकाळी होतं. ताई दोन तास आधीच येऊन ठेपली. मी स्टुलावर चढून शेवटचं चित्र टांगत होतो. अध्यक्ष तिला सामोरे गेले आणि दाजींच्या कुंचल्यातलं सामर्थ्य, त्यांची सागरावरची हुकमत असं काहीबाही बोलू लागले. ताई त्यांच्याशेजारून भिंतीकडे गेली. पहिल्या चित्रापुढे थांबली, दुसऱ्यापुढे थांबली, मग न थांबता सगळ्या भिंती फिरून आली आणि माझ्या स्टुलाखाली उभी राहिली.

"ही ह्यांची नाहीत," ती म्हणाली.

"कशावरून गं?"

"समुद्र सरळ आहे."

अध्यक्षांना त्याच वेळी ध्वनिक्षेपकाचं काही तरी बघायचं आठवलं. मी खाली उतरलो. ताईने दोन खुर्च्या ओढल्या आणि मला समोर बसवलं, लहानपणी प्रगतिपुस्तक आलं की बसवायची तसं. मी सगळं सांगितलं. टाकीचं झाकण, निकालाचा फळा, स्कूटर, मागची गल्ली. मला वाटलं ती रडेल नाही तर ओरडेल. तिने स्कूटरचं दोनदा विचारून घेतलं.

"ह्यांना माहीत होतं?"

"नाही."

"मग एक बरं झालं." खुर्ची जरा पुढे ओढून तिने विचारलं, "एकाने तरी आवडीने ठेवलं होतं का रे? कोणीही. एकाने तरी?"

नाही म्हणणं माझ्या जिवावर आलं, म्हणून मी मोठ्या बाईंचं सांगितलं. त्यांनी देत नाही म्हणून मला हाकलून दिलं होतं. आवडीने ठेवलं का ते ठाऊक नाही, स्वभावच तसा आहे. ताई उठलीच. पदर सावरला आणि चल म्हणाली.

मोठ्या बाईंची खोली वृद्धाश्रमाच्या वरच्या मजल्यावर आहे. एक पलंग, एक कपाट, रस्त्यावर उघडणारी खिडकी, आणि पलंगाच्या पायथ्याशी, उठल्याबरोबर नजर पडेल असं, दाजींचं चित्र. एवढं जाड चित्र मी जन्मात पाहिलं नव्हतं. रंगावर रंग चढून पुठ्ठ्यासारखे थर आले होते. होडी एकदा डावीकडे होती आणि मग मध्ये आणली होती हे त्या थरांतून दिसत होतं. समुद्र मात्र अजून उतरताच होता. मोठ्या बाई उशीला टेकून बसल्या होत्या. ताई कोण ते मी सांगायच्या आधीच त्यांनी तिला चष्म्यावरून बघून घेतलं.

"बसा," त्या म्हणाल्या. "म्हणजे त्या 'छान आलंय' तुम्हीच."

ताई पलंगाच्या कडेला बसली. मोठ्या बाईंनी मग शाळेत सांगतात तसं क्रमाने सांगितलं. दाजींनी हे चित्र आणून लावलं त्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं की ही होडी नाही, हा बूट आहे. दाजींचा चेहरा पडला नाही, उलट उजळला. पुढच्या रविवारी ते रंगांची पेटी घेऊन आले आणि तिथल्या तिथे बुटाची होडी करायला बसले. होडी जमली तर ढग बिघडले. ढग पुसले तर शीड लहान झालं. प्रत्येक रविवारी सगळ्या फेऱ्या संपवून ते इथे यायचे, पंख्याखाली खुर्ची ओढायचे, बाई चुका काढायच्या आणि ते त्या दुरुस्त करत अंधार पडेपर्यंत बसायचे. खूप वर्षं चाललं होतं हे.

आणि स्कूटरचंही दाजींना माहीत होतं, मोठ्या बाई म्हणाल्या. या खिडकीतून शिपाई येताना दिसायचा, खालच्या बैठकीच्या खोलीत चित्र लावून पळायचा. बाईंनी ते सांगितलं तेव्हा दाजी म्हणाले होते की ते त्यांना पहिल्याच रविवारी कळलं. चित्राच्या कोपऱ्यावर त्यांच्याच अंगठ्याचा निळा डाग होता आणि तोच डाग त्यांना चार ठिकाणी भेटला. तेव्हापासून ते पेट्रोलपंपापाशी उगाच थांबायचे, स्कूटर पुढे जाऊ द्यायचे. शिपायाची फार धावपळ होते, म्हणायचे.

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. इतकी वर्षं सगळ्या गावाने मिळून त्या माणसाला फसवलं असं आम्ही समजत होतो, आणि तो माणूस आमची फजिती होऊ नये म्हणून पंपावर उभा राहत होता. मला स्वतःची नाही, अध्यक्षांचीही नाही, त्या नियोजनाची लाज वाटली.

ताईने एवढंच विचारलं, "माझ्याबद्दल काही बोलायचे?"

मोठ्या बाईंना खोटं बोलता येत नाही, हा त्यांचा दोष शाळेपासून प्रसिद्ध आहे. "म्हणायचे की घरी दाखवलं की छान म्हणतात," त्या म्हणाल्या. "मग पुढे काय करायचं ते कळत नाही. छान म्हटल्यावर विषयच संपतो. उठून जावं लागतं."

ताई चित्राकडे बघत होती. मोठ्या बाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. त्यांच्या परीने ती माया होती.

"तुम्हाला हे न्यायचंय ना," त्या म्हणाल्या. "आधी खरं सांगा, कसं आहे?"

मला वाटलं ताई आता छान म्हणणार. तिचे ओठ त्याच सवयीने हलले. मग ती उठून चित्राजवळ गेली, नाक लागेल इतकी जवळ.

"वाईट आहे," ती म्हणाली. "ढग दगडासारखे झालेत. आणि शिडात वारा आहे, पण झेंडा उलट्या दिशेला उडतोय. समुद्र तर काय, कधी सरळ आलाच नाही ह्यांना." तिने झेंड्यावर बोट ठेवलं. "हे सगळं मला पहिल्यापासून दिसायचं हो बाई. एका शब्दाने बोलले नाही. वाटायचं, कशाला मन दुखवा."

माझ्या खिशातला फोन वाजत होता. अध्यक्ष होते, पाहुणे जमायला लागले होते, आणि वहिनींना घेऊन लवकर या असा निरोप होता. मी त्यांना हळू आवाजात सांगितलं की तुम्ही सुरू करा, आमची वाट बघू नका.

ताई अजून चित्रापुढेच उभी होती. झेंडा चुकलाय, एवढं जरी मी म्हटलं असतं, ती म्हणाली, तरी हे रविवारी घरी थांबले असते.